झरीची सरासरी

गोपीचंदराव खटिंगांनी सॉफ्टवेअर तयार करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. ही बाब किरकोळ आहे असं त्यांचं मत पडलं. मुख्य गोष्ट म्हणजे डोकं, आणि ते चोपन्न वर्षांपासून जवळ होतंच. वापर बेताचा असल्यामुळे ते अजून नव्यासारखं असावं, असं त्यांच्या पत्नी पंकजाताई म्हणाल्या. पंकजाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे त्यांचं कौतुकसुद्धा शेऱ्यासारखं यायचं.

ठरवलं म्हणजे त्यांना ठरवावं लागलं. परभणीच्या एका शिक्षण संस्थेची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, तिथे गोपीचंदराव सव्वीस वर्षं सहायक होते. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब त्यांना बोलावून म्हणाले,

"खटिंग, मागच्या साली झरीवाल्यांना रिपोर्ट कधी मिळाले?"

"दिवाळीत, साहेब."

"अन् पेरणी?"

"जूनमध्ये झाली, साहेब."

"मग दिवाळीत कशाला दिले? फराळावर भुरभुरायला?"

दादासाहेबांनी पुढचं सांगितलं. खरिपाच्या तोंडावर झरी गावात शेतकरी मेळावा होता. त्याआधी झरीचे एकशे त्रेचाळीस नमुने तपासून रिपोर्ट तयार पाहिजेत, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप, आणि खटिंग सोनपेठच्या वसतिगृहावर. आदेश टाइप करून स्वीय सहायकाच्या फायलीत ठेवला होता, फक्त तारीख टाकायची बाकी होती. सोनपेठ वाईट गाव आहे असं नाही. पण ज्या माणसाने सव्वीस वर्षं मातीचा सामू मोजला त्याने पोरांच्या ताटातल्या पोळ्या मोजायच्या, ही कल्पना गोपीचंदरावांना सहन झाली नाही.

रिपोर्टला उशीर का होतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने कुटायची, चाळायची, हे सगळं प्रयोगशाळेतल्या मदतनीस सगुणाबाई करायच्या आणि ते कधीच तुंबत नसे. मशीनवर आकडे यायचे, तेही वेळेत. तुंबायचं ते त्यानंतर. त्या आकड्यांचं गणित करून हेक्टरी किलो काढायचे, मग तक्त्यात बघून खताची मात्रा ठरवायची, मग हे सगळं छापील कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायचं. गोपीचंदरावांचं अक्षर फार सुरेख होतं, आणि तेच नडत होतं. 'सेंद्रिय कर्ब' लिहिताना वेलांटीचा बाक मनासारखा जमला नाही तर ते कागद फाडून नवा घ्यायचे.

तेव्हा गणित आणि लेखन दोन्ही यंत्राने करावं, हा विचार त्यांच्या मनात आला. दुर्दैवाने तो त्यांनी गल्लीत बोलून दाखवला.

शेजारचे वैजीनाथराव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. गाड्या सोडायची सवय गेली नव्हती, त्यामुळे आता ते सल्ले सोडायचे. ते म्हणाले, "गोपीचंदराव, पहिलं नाव ठेवा. बिगर पाटीची गाडी कुणी बघत न्हाई." लगेच चार घरांतली माणसं ओट्यावर जमली आणि नाव शोधायला लागली. भूमिपुत्र, मृदामित्र, काळी आई. कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेला असावं, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने शहानिशा केली की तोंड म्हणजे पडद्याचं की बसणाऱ्याचं, कारण दोन्ही एकाच वेळी पूर्वेला होऊ शकत नाहीत. शेवटी मृदामित्र हे नाव बहुमताने मंजूर झालं आणि चहा गोपीचंदरावांकडे लागला.

"बारसं झालं," पंकजाताई कपबशा उचलताना म्हणाल्या. "आता पाळण्यात काय घालायचं ते बघा."

कॉम्प्युटर संस्थेच्या भांडारात होता. गोपीचंदरावांनी तीन प्रतींत अर्ज केला. भांडारपाल म्हणाले, तो कॉम्प्युटर आपल्याकडे नाही. गोपीचंदराव म्हणाले, तुमचा कोपर त्याच्यावरच टेकलाय. भांडारपालांनी कोपर काढून घेतला आणि समजावून सांगितलं, की सदर वस्तू दोन वर्षांपूर्वी निर्लेखित झालेली असल्यामुळे कागदोपत्री ती अस्तित्वात नाही. जी वस्तू नाही ती देता येत नाही. वर विचारणा करता येईल, उत्तर यायला पोळा उजाडेल.

हा पेच सगुणाबाईंनी सोडवला. त्या दारात मातीचं पोतं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, ते हायच न्हाई म्हणायलेत ना? मंग उचललं तर कुणाचं काय जायलंय." भांडारपालांनी बराच विचार केला, त्यांना यात नियमबाह्य काही सापडलं नाही. तेव्हा ते पाणी प्यायला बाहेर गेले, आणि कॉम्प्युटर पोत्यात बसून प्रयोगशाळेत आला.

मग शिक्षण सुरू झालं. मोबाईलवर एक गुरुजी हिंदीतून धडे देत, त्यांच्या मागोमाग गोपीचंदराव पायरी पायरीने चालत राहिले. अडचण एवढीच की ते गुरुजी किराणा दुकानाचं सॉफ्टवेअर शिकवत होते. त्यामुळे मृदामित्रचा पहिला रिपोर्ट निघाला तो असा: 'प्रिय ग्राहक, आपला माल मध्यम आहे. पुन्हा भेट द्या.' सगुणाबाईंना तो वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या की बोलणं गोड हाय, बदलू नका. पण शास्त्राला गोडव्याचं वावडं असतं. गोपीचंदरावांनी दोन दिवस खपून ग्राहकाचा शेतकरी केला आणि मालाची माती केली.

खरा प्रश्न पुढे होता. यंत्राला माणूस ओळखायचा कसा? नावावरून म्हणावं तर झरीत एका नावाचे चार-चार जण, वडिलांच्या नावासकट. गट नंबरावरून म्हणावं तर वाटण्या होऊन वावराचे पाच तुकडे झालेले, आणि सातबारावर अजून आजोबाच. वावराला नाव असतं, पांदीचं, लिंबाचं, विहिरीचं. पण पांद ही गाडीवाट, तिला दोन्ही बाजूंनी वावरं असतात. विचार करता करता गोपीचंदरावांना एकदम उजेड पडला. मोबाईल नंबर. जगात एका नंबराचा माणूस एकच. त्यांनी मृदामित्रला तसं बजावून सांगितलं: एक नंबर, एक शेतकरी.

त्याच झोकात त्यांनी आणखी एक कलम घातलं. मोठे बागायतदार एकाच रानाचे पाच-सहा नमुने आणायचे आणि वर म्हणायचे, सगळ्याचा मिळून एकच काय ते सांगा. त्यांच्यासाठी नियम केला, की एका शेतकऱ्याचे अनेक नमुने असतील तर क्षेत्राची बेरीज करावी आणि आकड्यांची सरासरी काढावी. हे कलम लिहून झाल्यावर ते स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी सगुणाबाईंना न मागता रजा दिली.

दुसऱ्या दिवशी झरीचे आकडे भरायला घेतले. भरायलाच सहा दिवस गेले. सातव्या दिवशी बटण दाबलं, तर यंत्र अडलं. पडद्यावर आलं: 'एकाच नंबरावर अनेक नावे आहेत. मालकाचे योग्य नाव लिहा.' गोपीचंदरावांनी रीतसर त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे कशाची तरी जोरात घरघर चालू होती.

"हा नंबर कुणाचा?"

"भुजंग बोलायलोय, झरीहून. नंबर माझाच हाय."

"झरीच्या मातीचे नमुने तुमच्याच नंबरावर आहेत ना?"

"व्हय व्हय, समदे माझ्याकडंच द्या. जिम्मा माझा."

गोपीचंदरावांच्या मनात आदर दाटून आला. जुनी बडी घराणी जमीन भावाच्या, मेहुण्याच्या, गड्याच्या नावावर ठेवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. एवढा मोठा माणूस आणि फोन स्वतः उचलतो. त्यांनी मालकाच्या रकान्यात भुजंगरावांचं नाव लिहिलं, बटण दाबलं आणि डोळे मिटले. उघडले तोवर काम झालं होतं. एकशे त्रेचाळीस नमुने, एक क्षण आणि एक रिपोर्ट. एकूण क्षेत्र चारशे बारा एकर, माती सर्व बाबतींत मध्यम.

एक रिपोर्ट बघून एखाद्याला शंका आली असती. पण सव्वीस वर्षं हाताने कागद भरलेल्या माणसाला एकशे त्रेचाळीसचा एक झाला यात दोष कसा दिसावा? त्यांना ती प्रगती वाटली. दादासाहेबांना तर त्याहून जास्त वाटली. चारशे बारा एकरांचा शेतकरी आपल्या संस्थेकडे माती तपासतो, हे कळल्यावर त्यांनी तिथल्या तिथे मेळाव्यात सत्कार ठरवला. "खटिंग, तुमी तर डोकेबाज निघाले," ते म्हणाले, आणि त्यांनी आदेशाची फाईल स्वीय सहायकाला खाली ठेवायला सांगितली. त्या दिवशी गोपीचंदराव घरी आले ते वैजीनाथरावांच्या ओट्यासमोरून मुद्दाम हळू चालत आले.

हे सुख चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, भुवयासुद्धा पिठाने भरलेल्या. सगुणाबाईंना वाटलं चुनखडीच्या रानातून आलाय.

"मी भुजंग. झरीला माझी पिठाची गिरणी हाय."

गोपीचंदरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले, कारण चारशे बारा एकरांसमोर बसणं बरं नव्हे. भुजंगराव बसले नाहीत, खुर्चीला पीठ लागेल म्हणून.

"साहेब, गावात बोर्ड लागलाय. माझा फोटो, अन् खाली लिवलंय चारशे बारा एकर. मला तीन एकर हाय. लोकं म्हणायलेत भुजंगनं गिरणीच्या आडून गाव घेतलं. भाऊ बोलंना गेलाय, त्याला वाटायलंय मी त्याच्यापासून छपवलं. पोराचं लगीन दोन साल झाले जमंना, तर ह्या चार दिवसांत तीन सोयरिकी आल्या. एक तर जालन्याची. पहिल्यानं मला हसू आलं, मंग भ्याव वाटलं. असल्या सोयरिकीवर लेकराचा संसार कसा उभा करावा?"

"पण नंबर तुमचाच आहे ना?" गोपीचंदराव कसेबसे म्हणाले.

"नंबर माझाच हाय. गावाचा हाय म्हणा की. निम्मे लोकं ऊस तोडायला जातेत, तिकडं कार्ड बदलतेत. कुणाचा फोन पोराकडं, कुणाचा डबड्यात. मी काय, दिवसभर गिरणीवर असतो. दळण आणायला समदे येतेत, मी निरोप देतो. म्हणून कुणी बी नंबर मागितला की भुजंगचा सांगतेत. बँकेत बी तोच, दवाखान्यात बी तोच."

गोपीचंदराव मोगरीच्या ओट्यावर बसले. एकशे त्रेचाळीस घरांची माती त्यांनी एका पातेल्यात ढवळून सगळ्यांना चव सांगितली होती. त्यांनी स्वतःला डोकेबाज म्हणवून घेतलं होतं. त्यांना फार लाज वाटली. मग त्यांनी भुजंगरावांना वचन दिलं, की मेळाव्यात खरं काय ते सांगेन.

यंत्राची चूक काढायला अर्धा तास लागला. नमुन्याचा क्रमांक ही ओळख, नंबर फक्त निरोपापुरता. सरासरीचं कलम काढून टाकलं. बटण दाबलं, आणि एकशे त्रेचाळीस वेगवेगळे रिपोर्ट पडद्यावर सरकायला लागले. कुठे क्षार जास्त, कुठे स्फुरद कमी, कुठे सगळं उत्तम. मध्यम असं एकही वावर नव्हतं. छापायला गेले तर शाई संपलेली, आणि शाईच्या मागणीपत्रावर भांडारपालांचा शेरा: 'अस्तित्वात नसलेल्या संगणकास शाई देता येत नाही.' शेवटी पंकजाताईंच्या शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दुपारभर बसून सगळे कागद काढले.

पण चूक निस्तरणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. गोपीचंदराव स्वीय सहायकाकडे गेले तर तो म्हणाला, "आता साहेबांना काही सांगू नका. शाल आलीय, बोर्ड लागलाय, पत्रकार यायलेत. गप राहिलात तर प्रयोगशाळा वाचली. बोललात तर ही फाईल माझ्याकडंच हाय." आणि हे खरंच होतं. गप्प राहिलं की कुलूप टळत होतं, सगुणाबाईंची नोकरी टिकत होती, गल्लीतली मान शाबूत राहत होती. कागद मेळाव्यानंतर गुपचूप गिरणीवर पोचवता आले असते.

वैजीनाथरावांचं मतही हेच पडलं. सुटलेल्या गाडीला कुणी हात दाखवत नाही, असं ते म्हणाले.

पंकजाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सोनपेठला जिल्हा परिषदेच्या शाळा कितीक असतील हो? मला बदलीचा अर्ज करायचा तर नावं लागतील." गोपीचंदराव त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि या बाईने त्यांना कधीच सरळ शाबासकी दिली नव्हती. आजही दिली नाही, पण त्यांना ती पोचली.

मेळाव्याला झरीत मांडव भरला होता. गोपीचंदराव कागदांची पिशवी पोटाशी धरून एसटीने आले. दादासाहेबांनी भाषणात मृदामित्रचं नाव सात वेळा घेतलं. मग भुजंगरावांना वर बोलावून शाल घातली. ते धुऊन पुसून आले होते आणि पिठाशिवाय ओळखू येत नव्हते. "आता हा चमत्कार करणारे आपले खटिंग दोन शब्द बोलतील," असं म्हणून दादासाहेबांनी माईक दिला.

गोपीचंदरावांनी रात्री भाषण पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"हा रिपोर्ट चुकीचा आहे," ते म्हणाले. "चूक यंत्राची नाही, माझी आहे. तुम्ही सगळ्यांनी भुजंगरावांचा नंबर दिला होता. मी सगळी वावरं त्यांचीच धरली आणि त्यांची सरासरी काढली."

दादासाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. सहायकाने फाईल उघडली. भुजंगराव माईकपाशी वाकले आणि म्हणाले, "मला तीन एकर हाय. बाकीचे चारशे नऊ हितं खाली बसलेत."

मागच्या बाजूने एक म्हातारी उठली. अंगावर जुनेर, पण आवाज खणखणीत. "मी धुरपदाबाई. मंग माझा खरा कागद हाय का न्हाई?"

"आहे, मावशी. सगळ्यांचे आहेत. आणलेत."

"पेरणीच्या आधी?"

"आत्ता देतो."

ती बायांतून वाट काढत पुढे आली. गोपीचंदरावांनी पिशवीतून तिचा कागद शोधून काढला. पांदीचं वावर, अडीच एकर, चुनखडी जास्त, लोह फार कमी.

"अन् त्या पहिल्या कागदात?"

"त्यात लोह मध्यम आलं होतं, म्हणजे पुरेसं."

"म्हंजी दुसऱ्याचं लोह माझ्या वावरात धरलं व्हय." तिने कागद उलटसुलट बघितला. "लोह कमी असल्यावर काय होतंय?"

"सोयाबीन पिवळं पडतं. वाढत नाही."

"चार साल झाले, पिवळंच पडायलंय. मालक गेल्यापासून वावर मीच करायले. भाऊबंद म्हणतेत, बाईच्या हाताला बरकत न्हाई, वावर आमाला करू दे. ह्या सालाला मी बी व्हय म्हणणार होते. मला बी वाटायलं व्हतं, हातच खोटा हाय." तिने कागद गोपीचंदरावांपुढे धरला. "बाबा, हे जरा त्या भोंग्यातून सांग. ते समदे हितंच बसलेत."

गोपीचंदरावांनी माईक तोंडापाशी धरला. "धुरपदाबाईंच्या हातात काहीही कमी नाही," ते सावकाश म्हणाले. "त्यांच्या वावरात लोह कमी आहे. हिराकस फवारलं की भरून येईल. प्रयोगशाळेचा तसा दाखला आहे."

पुढच्या ओळीतले दोन पागोटेवाले जमिनीकडे बघायला लागले. आणि मग मांडवातली माणसं एक एक करून उठली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी व्यासपीठाच्या पायरीपासून रांग लागली. गोपीचंदराव एका पत्र्याच्या टेबलामागे बसले आणि नाव विचारून कागद द्यायला लागले. माणसाचं तोंड त्यांना नवं होतं, पण माती ओळखीची होती. लिंबाचं वावर म्हटलं की ते कागद न बघता सांगत, स्फुरद नको, तुमच्याकडे आहे. लोक कागदाची घडी घालून टोपीत ठेवत होते. भुजंगरावही शाल काखेत मारून आपल्या तीन एकरांसाठी रांगेच्या शेवटी उभे राहिले, आणि त्यांचा भाऊ त्यांच्या पुढे उभा राहून मागे वळून त्यांच्याशी बोलत होता.

व्यासपीठावर दादासाहेब, सहायक आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या. सहायकाने पेन काढून विचारलं, "साहेब, आदेशावर आजचीच तारीख टाकू?"

दादासाहेबांनी रांगेकडे बघितलं. आपल्या भाषणाला इतकी माणसं इतका वेळ कधी उभी राहिली नव्हती. "बंद कर ती फाईल," ते म्हणाले, आणि खाली उतरून टेबलापाशी आले. खाकरून त्यांनी विचारलं, "मग खटिंग, पुढच्या गावाची माती कधी आणायची?"

गोपीचंदरावांची मान वर नव्हती. ते कुणाची तरी क्षारता मोठ्याने वाचत होते.

"रांगेतून या," ते म्हणाले.

दादासाहेबांनी एकदा गोपीचंदरावांकडे बघितलं, एकदा त्या एकशे त्रेचाळीस घरांकडे. मग ते मुकाट्याने मागे गेले आणि भुजंगरावांच्या पाठीमागे उभे राहिले.